इंटरनॅशनल शाळेत ह्युमॅनिटीजचा विभाग सांभाळताना या चुका टाळा

इंटरनॅशनल शाळेत ह्युमॅनिटीजचा, म्हणजे इतिहास, भूगोल, अर्थशास्त्र अशा विषयांचा, एचओडी (विभागप्रमुख) नेमला जातो तेव्हा बहुतेक ठिकाणी त्याच्या हाती तीन गोष्टी येतात: टाइमटेबल, कव्हर पिरियडचं (गैरहजर शिक्षकाच्या बदली तासांचं) रजिस्टर आणि ‘पोर्शन कुठवर आलं?’ हा प्रश्न. जळगाव-धुळ्याकडे हे जास्तच होतं. आपल्याकडचे बरेचसे शिक्षक स्टेट बोर्डातून किंवा सीबीएसईतून आलेले असतात, आणि तिथे पोर्शन संपलं की शिकवणं संपलं असंच धरलं जातं. इतिहास-भूगोलाचा आंतरराष्ट्रीय पेपर मात्र पोर्शन संपवून सुटत नाही. चांगलं उत्तर कशाला म्हणायचं, यावर विभागातल्या चौघांचं एकमत आहे का, यावर सगळं अवलंबून असतं. ते माप एक करणं हे एचओडीचं मुख्य काम आहे आणि नेमका त्यालाच वेळ उरत नाही. खालच्या बहुतेक चुका तिथूनच निघतात.

मुद्दे मोजून मार्क देणं

सगळ्यात महागात पडते ती ही चूक, म्हणून इथे जरा थांबू या. केंब्रिज आयजीसीएसई (केंब्रिज बोर्डाची दहावीच्या पातळीची परीक्षा) इतिहासाच्या पहिल्या पेपरात प्रत्येक प्रश्नाचे तीन भाग असतात: ४, ६ आणि १० गुणांचे. मधला भाग बहुधा ‘का’ विचारतो. समजा प्रश्न आहे: १९१९ चा व्हर्सायचा तह जर्मन लोकांना का खुपला?

आपला हुशार विद्यार्थी काय लिहितो? सैन्य एक लाखावर आणलं. अल्सेस-लॉरेन फ्रान्सकडे गेलं. वसाहती गेल्या. नुकसानभरपाई लादली. कलम २३१ ने युद्धाचा दोष जर्मनीवर टाकला. पाच मुद्दे, क्रमांक घातलेले, खाली स्केलने रेघ. स्टेट बोर्डात घडलेला शिक्षक सहापैकी पाच देऊन मोकळा होतो.

पण केंब्रिजची मार्कस्कीम (गुण देण्याचे नियम) मुद्दे मोजत नाही, पातळी बघते. कारण नुसतं सांगितलं की खालची पातळी. ते स्पष्ट केलं की वरची. पाच कारणांची यादी खालच्याच पातळीत राहते. शेजारच्या बाकावरची मुलगी दोनच कारणं लिहिते: कलम २३१ मुळे भरपाई मागायला कायद्याचा आधार मिळाला, आणि युद्ध एकट्या आपण सुरू केलं असं जर्मन माणूस मानत नसल्यामुळे तो पैसा त्याला शिक्षा वाटला; दुसरं, सैन्य एक लाखावर आल्यामुळे सगळ्या बाजूंनी शेजारी असलेला देश आता स्वतःचं रक्षण करू शकणार नाही अशी भीती बसली. हिला पूर्ण गुण मिळू शकतात. वर्षभर शाळेत पाच मिळवणारा मुलगा बोर्डात तिनावर येतो, मग पालक विचारतात, असं कसं झालं? तो मुलगा कच्चा नव्हता. त्याला वर्षभर चुकीच्या मापाने मोजलं गेलं.

यावर उपाय म्हणजे एकत्र तपासणी. एकाच प्रश्नाच्या तीन उत्तरांच्या झेरॉक्स काढा, नावं झाका, सगळ्यांनी न बोलता मार्क द्या आणि मग आकडे फळ्यावर लिहा. तीन आणि पाच असे आकडे शेजारी शेजारी दिसले की चर्चा आपोआप सुरू होते. हे युनिट टेस्टचे गठ्ठे तपासायच्या आधी करायचं. निकाल लागल्यावर केलं तर प्रत्येक जण आपापला आकडा राखायला बसतो.

विभागात वयाने मोठे सर असतील आणि एचओडी पस्तिशीतला असेल, तर ही बैठक नाजूक होते. ‘सर, तुमचं मार्किंग सैल आहे’ म्हटलं की वर्षभराचा अबोला ओढवून घ्यायचा. ‘सर, या उत्तरावर मी चारवर अडलोय, तुम्ही पाच कुठल्या वाक्याला दिलेत ते दाखवता का?’ असं विचारलं की सर चष्मा लावून ते वाक्य शोधायला लागतात. कधी ते सापडतं आणि एचओडीला आकडा बदलावा लागतो. बदलावा, आणि सगळ्यांसमोर बदलावा.

वर्गातही तोच धागा न्यायचा. पाच मुद्दे लिहिलेल्या मुलाला तीन खोडायला सांगा आणि उरलेल्या दोन मुद्द्यांपुढे ‘त्यामुळे’ने सुरू होणारं एकेक वाक्य लिहायला लावा. हे आठवीपासून सुरू झालं की दहावीत वेगळी शिकवणी लागत नाही.

‘सोशलवाले आहेत ना, घेतील’

बी.ए. इतिहास झालेल्या मॅडमना अचानक इकॉनॉमिक्स दिलं जातं, कारण टाइमटेबलमध्ये भोक पडलेलं असतं. सहावी-सातवीत हे निभतं. आयजीसीएसईच्या वर्गात निभत नाही. मागणीच्या वक्राचं सरकणं आणि वक्रावरचं सरकणं यातला फरक शिक्षकाला रात्री वाचून सकाळी सांगता येत नाही. टाइमटेबल बनण्याआधी, मार्चमध्येच, कोण काय शिकवू शकतं आणि काय शिकायला तयार आहे ते प्राचार्यांना लेखी द्या. जूनमध्ये तक्रार करून काही हलत नाही.

नदी फक्त आकृतीत

आयजीसीएसई भूगोलात कोर्सवर्कऐवजी (स्वतः फील्डवर्क करून लिहायच्या प्रकल्पाऐवजी) लेखी पेपर देता येतो. त्याचा अर्थ बऱ्याच शाळा असा लावतात की फील्डवर्कची गरजच नाही. पण तो पेपर फील्डवर्कबद्दलच विचारतो. ज्या मुलाने कधी पाण्यात पाय घातला नाही, तो ‘ही पद्धत कशी सुधाराल?’ याला ‘अधिक अचूक उपकरणं वापरावीत’ एवढंच लिहितो.

खान्देशात नदीची वेळ साधणं महत्त्वाचं. मे महिन्यात पांझरेत मोजायला काय मिळणार? भर पावसाळ्यात उतरणं धोक्याचं. पाऊस ओसरल्यावरचे आठवडे बरे. गिरणेवर जायचं असेल तर धरणातून आवर्तन सुटणार आहे का ते पाटबंधारे खात्याकडे आधी विचारा आणि वाळू उपशाचे खड्डे कुठे आहेत ते गावातल्या माणसाला सोबत घेऊन पाहून या. या दोन्ही गोष्टी केल्याशिवाय मुलांना पात्रात उतरवू नका.

सामान साधं लागतं: टेप, खुणा केलेली काठी, स्टॉपवॉच आणि एक संत्रं. दहा मीटरच्या अंतरात संत्रं तीनदा सोडायचं आणि सरासरी घ्यायची. आता खरी चूक पुढे होते. पुस्तक सांगतं की नदी खाली जाईल तसा वेग वाढतो. मुलांचे आकडे मात्र उलटे येतात, कारण मध्ये बंधारा आहे. शिक्षक म्हणतात, ‘आकडे जरा नीट करून घ्या.’ हे कधीही होऊ देऊ नका. बंधाऱ्यामुळे आकडे का बिघडले, हे लिहिता येणं हाच त्या दिवसाचा सगळ्यात मोठा फायदा आहे. नदी जमलीच नाही, तर धुळ्याच्या आग्रा रोडवर दुकानांची नोंद आणि पादचाऱ्यांची मोजणी करा. शहरी भूगोलाचं फील्डवर्क तिथे होतं.

खान्देश फक्त स्नेहसंमेलनात

गॅदरिंगला भरीत-पुरी आणि एक अहिराणी गाणं झालं की आपली माती अभ्यासात आली, असं समजू नका. ठरलेला सिलॅबस बदलता येत नाही, पण त्याच्या आधीच्या वर्गांत मोकळीक असते. आयबी या दुसऱ्या आंतरराष्ट्रीय बोर्डाच्या एमवायपीत (दहावीपर्यंतच्या त्यांच्या अभ्यासक्रमात) तर विषयवस्तू शाळाच ठरवते. मूल्यमापनाचे चार निकष, प्रत्येकी ८ गुणांचे, तेवढे सांभाळायचे. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवी युद्धामुळे खान्देशातल्या कापसाला भाव आला आणि युद्ध संपताच तो पडला. ज्या मुलाच्या घरी आजही कापूस वेचला जातो, त्याला जागतिक व्यापार समजावायला याहून जवळचं उदाहरण कुठलं?

इतिहासाच्या साधनांच्या अभ्यासासाठी १८८० चं खान्देश गॅझेटियर घ्या. त्यात इंग्रज अधिकाऱ्यांनी भिल्लांबद्दल काय लिहिलंय ते वाचून घ्या आणि विचारा: हे कोणी लिहिलं, कोणासाठी, १८२५ मध्ये भिल्ल कोअर (भिल्लांची पलटण) उभारणाऱ्या सरकारला असं चित्र सोयीचं का होतं? एक काळजी मात्र घ्या. वर्गात भिल्ल किंवा पावरा घरातलं मूल असेल, तर ‘तू सांग, तुमच्यात कसं असतं?’ असं त्याला उभं करू नका. सरदार सरोवराखाली गेलेल्या नंदुरबारच्या गावांवर धडा घेतानाही तेच. ते मूल विद्यार्थी आहे, पुरावा नाही. त्याला स्वतःहून बोलावंसं वाटलं तर वर्गाने ऐकावं.

आणि ही चर्चा मराठीत, अहिराणीत होऊ द्या. विचार एकदा पक्का झाला की तो इंग्रजीत लिहिण्याची मेहनत वेगळी घेता येते. इंग्रजीच्या धाकाने गप्प बसलेल्या मुलाला इतिहास येत नाही, असं आपण फार लवकर ठरवून टाकतो.

जानेवारीत जाग येणं

केंब्रिजच्या मार्च सीरिजला (मार्चमधल्या परीक्षेला) मुलं बसवणार असाल तर वर्ष डिसेंबरमध्येच संपतं. गणपती, दिवाळी आणि गॅदरिंगची तयारी वजा करून नियोजन जूनमध्येच करा, म्हणजे मॉक (सराव परीक्षा) जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात होते. मॉकचे पेपर कोणीही आपल्याच वर्गाचे तपासू नयेत. गठ्ठे अदलाबदल करा, अडलेली उत्तरं बाजूला काढून एका दुपारी सगळे मिळून बघा आणि आठवड्याभरात पेपर मुलांच्या हाती द्या. फेब्रुवारीत नवीन काहीही शिकवू नका. प्रत्येकाने आपली सगळ्यात कमकुवत तीन उत्तरं पुन्हा लिहावीत आणि ती तपासायला विभागातले सगळे शिक्षक मोकळे असावेत, एवढी व्यवस्था टाइमटेबलमध्ये आधीच करून ठेवा.