स्किन क्लिनिकमधली टिप: या चुका टाळा

गंगापूर रोडवरच्या एका स्किन क्लिनिकच्या काउंटरवर मी नऊ वर्षं काढली. आता नाशिकमध्ये कुणी नवं क्लिनिक उघडलं की काउंटर लावून द्यायला मला बोलावतात. अपॉइंटमेंटची वही, दरपत्रक, पावत्या, स्टाफची कामं वाटून देणं, हे सगळं मी बघते. कॉलेज रोड असो, इंदिरानगर असो की नाशिकरोड, पेशंटने खूश होऊन स्टाफला वर दिलेल्या पैशाच्या, म्हणजे टिपच्या, चुका सगळीकडे त्याच दिसतात. मालकांना विचारलं, "टिपचं काय ठरवलंय?" की ठरलेलं उत्तर येतं, "त्यात काय ठरवायचं? ज्याला द्यायची तो देईल."

ठरवावं लागतं, कारण ही जागा अर्धी दवाखान्याची आणि अर्धी पार्लरची आहे. हल्ली पाटीवर मेडी-स्पा लिहितात ते यालाच. पार्लरमध्ये हात चांगला असलेल्या मुलीला वर पन्नास-शंभर देणं आपल्याकडे रुळलेलं आहे. इंजेक्शन देणाऱ्या डॉक्टरांच्या हातात मात्र कुणी नोट ठेवत नाही. आणि इथे तर तीच बाई या महिन्यात फेशियलला येते आणि पुढच्या महिन्यात सुरकुत्यांवरच्या बोटॉक्सच्या इंजेक्शनला, त्याच दारातून आणि त्याच काउंटरवर. कुठली रीत पाळायची हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. मग जो तो आपल्या अंदाजाने वागतो, आणि त्यातून काय होतं ते मी पाहिलं आहे.

उपचाराच्या खोलीत नोट हातात घेणं

बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

आमच्याकडे लग्न ठरलेली एक मुलगी हातापायांचे केस काढायच्या लेसरला येत होती. सहा सिटिंगचं पॅकेज घेतलेलं. स्वभावाने गोड, आणि हाताने मोकळी. प्रत्येक सिटिंग झालं की खोलीतच थेरपिस्टच्या हातात पाचशेची नोट द्यायची, "दीदी, चहापाण्याला." सहाव्या सिटिंगला आली ती प्री-वेडिंग शूटसाठी तीन दिवस गोव्याच्या उन्हात फिरून. हात चांगलेच रापलेले.

लेसर केसाच्या मुळाशी असलेलं मेलॅनिन, म्हणजे रंगद्रव्य, तापवतं, हे थेरपिस्टला पहिल्याच आठवड्यात शिकवलेलं असतं. उन्हाने रापलेल्या त्वचेत तेच मेलॅनिन वरच्या थरात वाढलेलं असतं, त्यामुळे उष्णता वरच अडते आणि चटका बसतो. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीला तर एरवीही जपावं लागतं. म्हणून आमचा नियम होता की त्वचा रापलेली दिसली तर मशीन सुरू करायचं नाही, आधी डॉक्टरांना दाखवायचं. डॉक्टर शेजारच्याच खोलीत होत्या.

मुलगी म्हणाली, "दीदी, दहा दिवसांवर हळद आली, आजच करून टाका ना." थेरपिस्टने स्वतःच्या अंदाजाने एनर्जी थोडी कमी केली आणि सिटिंग केलं. तिसऱ्या दिवशी त्या मुलीच्या दोन्ही हातांवर ओळीने चौकोनी तपकिरी डाग उमटले. लग्नात तिला मनगटापर्यंत बाह्यांचं ब्लाउज शिवून घ्यावं लागलं. डॉक्टरांनी क्रीम दिली, सनस्क्रीन दिलं, पॅकेजचे सगळे पैसे परत केले. डाग जायला पाच महिने लागले. तिच्या आईला फोन मी केला होता. ते बोलणं मला अजून आठवतं.

थेरपिस्ट कामात कच्ची नव्हती, आमच्यातली सर्वांत हुशार मुलगी होती ती. मी तिला विचारलं, "तुला माहीत होतं ना गं?" ती रडत म्हणाली, "ताई, पाच वेळा पाचशे घेतले होते तिच्याकडून. सहाव्या वेळी नाही म्हणायला तोंडच उघडेना."

त्या मुलीने लाच म्हणून पैसे दिले नव्हते आणि हिनेही लाच म्हणून घेतले नव्हते. तरी हातात घेतलेल्या पैशाचं ओझं होतंच, आणि उपचाराच्या खोलीत ते ओझं कातडीवर उतरलं. नोटा येत होत्या हे मला ठाऊक होतं. मी थांबवलं नाही, यात माझाही वाटा आहे.

तेव्हापासून मी जिथे काउंटर लावते तिथे थेरपिस्टचे एप्रन बिनखिशाचे शिवून घेते. पेन ट्रॉलीला दोरीने बांधलेलं असतं, मोबाइल लॉकरमध्ये. खिसाच नाही म्हटल्यावर नोट ठेवायची कुठे हा प्रश्न समोरच्यालाही पडतो, आणि मुलीला नाही म्हणणं सोपं जातं. शिवाय एक वाक्य पाठ करून घेते: "मॅडम, बाहेर दाराजवळ डबा आहे, त्यात टाका, सगळ्यांना मिळतं." नव्या मुलीकडून पहिल्या दिवशी हे दहा वेळा म्हणवून घेते, कारण ऐन वेळी ज्याला संकोच वाटतो त्याला तयार वाक्य लागतं. डबा स्टीलचा, कुलूपवाला, चपलांच्या रॅकपाशी. काउंटरवर ठेवू नका. तिथे रिसेप्शनची मुलगी बघत असते, आणि कुणी दिले, कुणी नाही, हे तिच्या लक्षात राहतं.

एका मालकांना हे सगळं लांबण वाटलं. "स्टाफच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नियम टाकतो, झालं," म्हणाले. ग्रुपवर टाकलेला नियम दुसऱ्या दिवशी शुभ सकाळच्या फुलांखाली जातो. ज्यांना एप्रन बदलायचाही कंटाळा, त्यांनी दीड-दोन वर्षांचं काम एका चटक्यात घालवण्याची तयारी ठेवावी.

थेरपिस्टचा स्वतःचा क्यूआर कोड

यूपीआय आल्यापासून ही चूक फार वाढली आहे. काउंटरवर क्लिनिकचा कोड असतो आणि खोलीच्या चौकटीवर थेरपिस्टने "टिपसाठी" म्हणून आपला कोड चिकटवलेला असतो. मालकांना वाटतं, बरं झालं, आपल्या डोक्याला ताप नाही.

एका क्लिनिकमध्ये सटाण्याहून एक गृहस्थ केसांच्या पीआरपीसाठी, म्हणजे स्वतःच्याच रक्तातला भाग डोक्यात टोचून घ्यायच्या उपचारासाठी, यायचे. एकदा उशीर झाला, अंधारायच्या आत घर गाठायचं म्हणून घाईत होते. समोर दिसला तो कोड स्कॅन केला आणि साडेसहा हजार भरून निघून गेले. पैसे थेरपिस्टच्या खात्यात गेले, तिचा फोन लॉकरमध्ये बंद. रात्री हिशेब जुळेना म्हणून रिसेप्शनने त्या गृहस्थांना फोन केला, "तुमचे पैसे राहिलेत." ते भडकले. त्यांनी स्क्रीनशॉट पाठवला, तेव्हा कुठे उलगडा झाला.

मुलीने त्याच रात्री सगळे पैसे क्लिनिकच्या खात्यावर पाठवले. तिने काहीही वावगं केलं नव्हतं. तरी पुढचा महिनाभर सगळे तिच्याकडे वेगळ्या नजरेने बघत राहिले, आणि दिवाळीच्या आत तिने काम सोडलं. प्रामाणिक माणसावर संशय यायला जागा ठेवली ती मालकांनी. ती मुलगी मात्र हकनाक गेली.

क्लिनिकमध्ये कोड एकच हवा, क्लिनिकच्या खात्याचा, आणि शेजारी पैसे आल्याचं मोठ्याने सांगणारा स्पीकर. टिप शक्यतो रोख, डब्यात. कुणी यूपीआयनेच द्यायची म्हटली तर ती बिलात मिसळू नका. वहीत वेगळी नोंद करा, तेवढीच रोकड तिथल्या तिथे गल्ल्यातून काढून चिठ्ठीसह डब्यात टाका. महिनाअखेरीस एकदम करू म्हणाल तर होत नाही, मी करून पाहिलं आहे.

अशी टिप आमच्यामार्फत गेली तर ती पगार ठरते का, असं काहीजण विचारतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली एका हॉटेल कंपनीच्या प्रकरणात सांगितलं आहे की ग्राहकाने कार्डवरून दिलेली टिप मालक फक्त कर्मचाऱ्यांच्या वतीने सांभाळतो. तो पगार नव्हे, म्हणून पगारासारखा टीडीएस कापायची जबाबदारी मालकावर येत नाही. कर्मचाऱ्याच्या हातात मात्र ते उत्पन्नच आहे. तुमच्या सीएंना हा निकाल दाखवा आणि वहीतली नोंद नीट ठेवा.

बिलात सर्व्हिस चार्ज छापणं, कार्डच्या मशीनवर टिपचे टक्के दाखवणं

"हॉटेलात लावतात ना?" हा युक्तिवाद मी फार ऐकते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी हॉटेल-रेस्टॉरंटांना आपोआप सर्व्हिस चार्ज लावायला मनाई केली, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ ला ती मनाई उचलून धरली. म्हणजे ज्यांचं बघून तुम्ही हे करायला निघालात, त्यांनाच ते करता येत नाही. शिवाय सक्तीने लावलेली रक्कम सेवेच्या किमतीतच धरली जाते, तिच्यावर जीएसटी येतो. आपल्या धंद्यात जीएसटी तसाही नाजूक विषय आहे. आजारावरच्या उपचारांना सूट मिळते, पण हेअर ट्रान्सप्लांट आणि निव्वळ सौंदर्यासाठीच्या कॉस्मेटिक सर्जरीला मिळत नाही. तिथे आणखी एक गुंता कशाला ओढवून घ्यायचा?

टक्क्यांची पद्धत अमेरिकेतून उचललेली. तिकडच्या स्पामध्ये पंधरा-वीस टक्के टिप देण्याची रीत आहे, आणि तिला तिथलं कारणही आहे. टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने तासाला २.१३ डॉलर दिले तरी तिथला केंद्रीय कायदा चालवून घेतो, बाकीचं किमान वेतन टिपमधून भरून निघालं म्हणजे झालं. आपल्याकडे किमान वेतन मालकानेच द्यायचं असतं. "पगार नऊ हजार, पण टिप भरपूर मिळते" असं सांगून मुलींना कामावर ठेवणाऱ्यांकडे मी काउंटर लावायला जात नाही.

आणि हिशेब तरी बघा. फिलरचं, म्हणजे चेहऱ्याला भराव देणाऱ्या इंजेक्शनचं, बिल १८,००० झालं आणि मशीनने १० टक्के सुचवले तर होतात १,८०० रुपये. त्या बिलातला मोठा भाग सिरिंजमधल्या औषधाचा आणि डॉक्टरांच्या फीचा. त्यावर टक्के लावून टिप मागण्यात काही अर्थ नाही. तिकडेही इंजेक्शन देणाऱ्या डॉक्टरांना टिप देण्याची रीत नाही, हे नक्कल करणारे विसरतात.

डॉक्टरांना पाकीट

नाही. बोटॉक्स, फिलर, पीआरपी, पील (औषध लावून त्वचेचा वरचा थर काढणं), डॉक्टर जे काही करतील त्यावर टिप नाही, आणि डॉक्टरांनी ती हसून परत करायची.

भेटवस्तूंचं थोडं वेगळं. फेब्रुवारी-मार्चमध्ये निफाड-दिंडोरीकडचे पेशंट द्राक्षांची पेटी घेऊन येतात. बागेतला पहिला माल प्रेमाने आणलेला, तो परत करणं आपल्याकडे अपमान समजतात, आणि मलाही ते पटत नाही. माझी सवय अशी की पेटी काउंटरवरच उघडायची, धुऊन वाट्यांमध्ये वाटायची, आणलेल्या माणसाच्या हातातही एक वाटी द्यायची. डॉक्टरांच्या गाडीच्या डिकीत पेटी जाता कामा नये. साडी किंवा सोन्याचं नाणं आलं तर नम्रपणे परत.

याच नावाखाली आणखी एक प्रकार चालतो. पार्लरवाली बाई नवरी पाठवते आणि नंतर "माझ्या चहापाण्याचं बघा" म्हणते. त्याला टिप म्हणू नका, ते कमिशन आहे. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेत पेशंट पाठवल्याबद्दल भेट, बक्षिसी, कमिशन घ्यायलाही मनाई आहे आणि द्यायलाही. नवीन क्लिनिकवाले पहिल्या सहा महिन्यांत गर्दी हवी म्हणून याला भुलतात. पुढे ते बंद करायला गेलं की तीच पार्लरवाली तुमच्याबद्दल गावभर बोलते. सुरूच करू नका.

मावशींना वगळणं

डबा उघडला की पैसे थेरपिस्टमध्ये वाटायचे आणि चादरी बदलणाऱ्या, बाथरूम पुसणाऱ्या मावशींना वीस रुपये द्यायचे, हे मी दोन ठिकाणी पाहिलं. स्वच्छ चादर आणि निर्जंतुक ट्रे मिळाला म्हणून तर पेशंट खूश होऊन गेला. मी डबा महिन्याच्या शेवटच्या शनिवारी उघडते, मोजायला दोघीजणी, आणि वाटणी सारखी. मावशींचा वाटा थेरपिस्टइतकाच. डॉक्टर आणि मालक यात नाहीत, मॅनेजरही नाही.

पेशंटसाठी दोन शब्द. फेशियल, बॉडी पॉलिशिंग अशा हाताच्या कामांना नाशिकात लोक साधारण पन्नास ते दोनशे देतात. नाही दिले तरी तुमच्या कामात फरक पडता कामा नये, आणि पडला तर क्लिनिक बदला. पॅकेज असेल तर दर वेळी देऊ नका, शेवटच्या सिटिंगला द्या. "बिलात पाचशे कमी करा, मी मुलीला टिप देते," असं म्हणू नका, कारण ते पैसे मालकाचे असतात आणि मुलगी मधल्या मध्ये अडकते.

हे सगळं तोंडी ठेवू नका. मी पांढऱ्या फलकावर चार ओळी लिहून घेते: "टिप देणे ऐच्छिक आहे. डॉक्टरांना टिप देऊ नये. उपचाराच्या खोलीत पैसे देऊ नयेत. दाराजवळच्या डब्यातील रक्कम सर्व कर्मचाऱ्यांत सारखी वाटली जाते." फलक मराठीत हवा, अक्षरं मोठी, आणि काउंटरच्या मागच्या भिंतीवर नको. लोक जिथे बसून वाट बघतात त्या खुर्च्यांच्या समोर लावा.