एका मात्रेनं घातलेला घोळ

एमएला असताना गाथासप्तशती या जुन्या प्राकृत काव्यसंग्रहातल्या एका गाथेवर मी बारा पानं लिहिली. त्यातली चार निव्वळ थापा होत्या.

भम धम्मिअ वीसत्थो सो सुणओ अज्ज मारिओ देण ।
गोलाणइकच्छकुडङ्गवासिणा दरिअसीहेण ॥

बुवा, खुशाल फिरा. ते कुत्रं आज मारलं, गोदाकाठच्या जाळीतल्या त्या माजलेल्या सिंहानं. (सुणओ म्हणजे मालवणीतला सुणो. हे कळल्यावर उगाच घरचं वाटलं.) हे बोलणाऱ्या बाईला प्रियकराच्या भेटीची जागा मोकळी हवी आहे. 'ध्वन्यालोक' लिहिणाऱ्या आनंदवर्धनाचं विवेचन तुम्ही वाचलंच असेल: शब्द 'फिर' म्हणतात, अर्थ 'फिरकू नकोस'.

गाथेची पहिली ओळ 30 मात्रांची, दुसरी 27 (लघु अक्षराची एक मात्रा, गुरूच्या दोन). माझ्या भरल्या 29 आणि 26. पुन्हा मोजल्या, तेवढ्याच. मग मी सिद्धान्तच मांडला: ओढीनं बाईचा श्वास तुटतो, म्हणून कवीनं मात्रा गाळली! सरांनी पेन्सिलीनं समासात एवढंच लिहिलं, 'शेवटचा ण?'

ओळीच्या टोकाचा लघु गुरू धरतात. मला हे पाठ होतं, तरी फसलो. म्हणून बोटांवर मोजा: पहिल्या 12 मात्रा 'वीसत्थो'पाशी संपतात, तिथे थोडं थांबायचं. पुढे सो 2, सुणओ 4, अज्ज 3 (जोडाक्षरामुळे अ गुरू), मारिओ 5, देण 3. झाल्या 17. टोकाचा ण लांबवा, 18. 'सीहेण'चंही तेच. आणि मोजताना संस्कृत छाया (गाथेचं संस्कृत रूपांतर) झाकून ठेवा, तिच्या मात्रा वेगळ्या. पाठभेदही आहेत, एकच पाठ धरा.

या गाथेवर लिहायला गाईडमधली अलंकारांची यादी घेऊन बसाल तर हाती काही लागणार नाही. इथे उपमा नाही, रूपक नाही. घाबरू नका, सामग्री भरपूर आहे. पहिल्या ओळीत सुटे, बोलल्यासारखे शब्द. दुसरीत एकदम लांबलचक समास. बारावी मात्रा 'कुडङ्ग'च्या पोटातच पडते, थांबायला जागाच नाही. जाळीत शिरल्यावर व्हावं तसं. सिंह येतो अगदी शेवटच्या शब्दात, तोवर बुवा निर्धास्त.

हाही मी लावलेलाच अर्थ, पण या वेळी मोजणी बरोबर आहे. सरांनी त्यावर काही लिहिलं नाही, नुसती बरोबरची खूण केली. ती वही अजून आहे माझ्याकडे.