स्पर्धक स्केटर कोच झाल्यावर: पहिली उडी शिकवताना

अ‍ॅक्सेल (फिगर स्केटिंगमधली, पुढे तोंड करून घेतलेली दीड फेऱ्यांची उडी) मारता येणं वेगळं आणि शिकवता येणं वेगळं. शरीर जे आपोआप करतं, ते कोच झाल्यावर तुकडे पाडून सांगावं लागतं. सुरुवात वॉल्ट्झ जंपपासून करा: फेरा अर्धाच, पण अ‍ॅक्सेलचा पाया हाच.

आधी उतरणं शिकवा. डावीकडे फिरणाऱ्या शिष्याला उजव्या पायाच्या पात्याच्या बाहेरच्या कडेवर, गुडघा वाकवून, मोकळा पाय मागे ताणून उलटं घसरू द्या. तीन सेकंद न डगमगता जमेपर्यंत उडी नाही. मग डाव्या पायाच्या बाहेरच्या कडेवर पुढे जात गुडघा खोल वाकवायचा आणि उजवा पाय व दोन्ही हात एकदम पुढे-वर न्यायचे. पातं शेवटी टोकाच्या दातांवरून बर्फ सोडतं.

सगळ्यात जास्त चूक खांद्यांची होते. उडण्याआधीच ते फिरले की कड घसरते, उंची मिळत नाही. मोकळा पाय सरळ पुढे न जाता गोल फिरला, तर शरीर हवेत तिरकं होतं. ‘जोरात उडी मार’ असं म्हटल्याने या दोन्ही चुका वाढतातच.

उडी अचानक बिघडली तर आधी पातं बघा. दोन्ही कडांवर नाणं आडवं ठेवा. ते पात्याशी काटकोनात नसेल, तर धार एका बाजूने चढली आहे.

उजवीकडे फिरणाऱ्यांना सगळं आरशातल्यासारखं दाखवा. तेवढी वॉल्ट्झ जंप स्वतः उलट बाजूने शिकून घ्या.