नर सोडण्याआधी रजिस्टर उघडा

प्राणिसंग्रहालयात जीवशास्त्रज्ञ म्हणून नव्याने रुजू झालात की लवकरच एखादा कीपर येऊन विचारेल, "मॅडम, वाघीण माजावर आलीय, नर सोडू का?" लगेच हो म्हणू नका. आधी कपाटातलं रजिस्टर काढा आणि दोघांचं नातं तपासा. मी नोकरीभर हेच केलं आणि त्यापायी कीपर मंडळींच्या शिव्याही खाल्ल्या.

रजिस्टरात नावावर विसंबू नका. राजा आणि राणी दर दुसऱ्या संग्रहालयात असतात. खांद्यांच्या मधे कातडीखाली बसवलेल्या मायक्रोचिपचा पंधरा अंकी क्रमांक, राष्ट्रीय स्टडबुकातला (देशभरातल्या त्या जातीच्या प्राण्यांच्या वंशावळीच्या वहीतला) क्रमांक, जन्मतारीख, आई, बाप आणि मूळ ठिकाण, एवढं प्रत्येकासमोर असलंच पाहिजे. मूळ ठिकाणाच्या रकान्यात बहुधा आळस झालेला असतो. 'अमुक संग्रहालयातून आणला' हे पुरेसं नाही; तिथे तो कुठून आला होता? रानातून आलेल्या प्राण्याला पुढे पिल्लं झाली, तर तो त्या वंशाचा मूळपुरुष ठरतो आणि सगळा हिशेब त्याच्यापासून सुरू होतो. बाप नक्की माहीत नसेल तर 'अज्ञात' लिहा. अंदाजाने भरलेला बाप रिकाम्या रकान्यापेक्षा वाईट. फारच अडलं तर हैदराबादच्या 'लाकोन्स' प्रयोगशाळेसारख्या ठिकाणी डीएनए तपासून घेता येतो.

आता हिशेब, पिल्लं कोणाची हवीत ते ठरवण्याचा. समजा, चार सिंह आहेत. तीन सख्खी भावंडं, आईबाप मेलेले. चौथा बाहेरून आलेला नर, बाकीच्यांशी नातं नाही. नात्याचा आकडा असा धरतात: स्वतःशी ०.५, सख्ख्या भावंडाशी ०.२५, परक्याशी शून्य. प्रत्येकाचे चारही आकडे मिळवून चाराने भागा. भावंडांपैकी प्रत्येकाची सरासरी ०.२५ येते, परक्या नराची ०.१२५. ज्याची सरासरी कमी, त्याचे जनुक कळपात दुर्मीळ, म्हणून पिल्लं आधी त्याची हवीत. चौघांची मिळून सरासरी ०.२२; ती एकातून वजा केली की उरलेलं जनुकीय वैविध्य ७८ टक्के.

यापुढचं मी प्रत्येक नवशिक्याला कागदावर करायला लावते. परक्या नराचं एका बहिणीशी एक पिल्लू झालं तर वैविध्य ७८ च राहतं. तेच पिल्लू भाऊ-बहिणीचं असेल तर साडेपंच्याहत्तरवर येतं. एका पिल्लात अडीच टक्के गेले, आणि पिल्लू दिसायला दोन्हीकडे तेवढंच गोंडस. मामाच्या मुलीशी लग्न आपल्याकडे बऱ्याच घरांत चालतं. तेवढ्या नात्यातल्या पिल्लाचा अंतःप्रजननाचा आकडा (आईबाप एकमेकांच्या किती नात्यातले, त्याचं माप) ०.०६२५ असतो, भाऊ-बहिणीच्या पिल्लाचा ०.२५, म्हणजे चौपट. (गीरचे सिंह मुळातच मोजक्या पूर्वजांचे, त्यामुळे त्यांच्या बाबतीत 'परका' हा शब्द जरा सैलच.) मोठ्या वंशावळीला हे हाताने जमत नाही, पीएमएक्स नावाचं सॉफ्टवेअर वापरतात. पण त्यात जे भरलं तेच बाहेर येतं, म्हणून रजिस्टरचा एवढा जाच.

हे सगळं पुस्तकी वाटत असेल तर १९७९ साली 'सायन्स' या शोधपत्रिकेत आलेला कॅथरिन रॉल्स आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आठवा. संग्रहालयांतल्या सोळा प्रकारच्या खुरवाल्या प्राण्यांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. पंधरांमध्ये नात्यातल्या जोड्यांची पिल्लं लहानपणीच जास्त मरत होती. आपल्याकडचं उदाहरण पांढऱ्या वाघाचं. १९५१ मध्ये रीवा संस्थानात पकडलेल्या मोहनला त्याच्याच मुलीशी, राधाशी, लावलं आणि १९५८ मध्ये पांढरे बच्चे झाले. पुढे जगभर तेच रक्त घोटत राहिले. पांढरा वाघ ठेवला की तिकिटं खपतात, हे मान्य. त्याला संवर्धन म्हणू नका.

कळपाचे प्राणी वेगळे हाताळावे लागतात. काळविटांच्या आवारात एक दांडगा नर आणि नऊ माद्या असतील तर डोकी दहा, पण जनुकांच्या हिशेबात ती चाराहून कमी भरतात. सूत्र सोपं आहे: चार गुणिले नर गुणिले माद्या, भागिले एकूण. म्हणजे ३.६. अशा कळपातून एका पिढीत सुमारे १४ टक्के वैविध्य गळतं. पाच नर आणि पाच माद्यांना सारखी संधी मिळाली तर पाच टक्के. शंभर वर्षं ९० टक्के टिकवायचं हे नेहमीचं उद्दिष्ट समोर ठेवा, म्हणजे हा फरक किती भारी आहे ते कळेल. म्हणून ठरावीक काळाने तो दांडगा नर बाजूला काढा आणि दुसऱ्याला आत सोडा. प्रेक्षक शिंगं बघायला येतात, त्यामुळे 'मोठा कुठे गेला' ही तक्रार येणारच.

जोडी लावण्याआधी प्राणी शुद्ध आहे का, हेही पाहा. चंदीगडजवळच्या छतबीर प्राणिसंग्रहालयाच्या सफारीत आशियाई आणि आफ्रिकन सिंहांचा संकर झाला. शेवटी नसबंदी करून तो वंश थांबवावा लागला. अमेरिकेतल्या आशियाई सिंहांच्या कार्यक्रमातही पाच मूळपुरुषांपैकी दोन आफ्रिकन निघाले आणि वर्षांची मेहनत वाया गेली.

थांबवणं हा कामाचा निम्मा भाग आहे. ज्या जोडीला दरवर्षी पिल्लं होतात तिच्यावर सगळे खूश असतात. नेमकी तीच थांबवायची असते. सिंहाला खच्ची करू नका, आयाळ गळून जाते. नसबंदी केली तर आयाळ राहते. मादीला मात्र वर्षानुवर्षं विनाअपत्य ठेवलं तर ती पुढे गाभणच राहत नाही, असं हत्ती आणि गेंड्यांत दिसलंय. म्हणून 'सध्या नको' आणि 'कधीच नको' यांची यादी वेगळी ठेवा.

बाहेरून नर आणायचा तर केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची परवानगी लागते. कागद फिरायला वेळ जातो, त्यामुळे मादी माजावर यायची वाट बघत बसू नका. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात २०२२ मध्ये जुनागढच्या सक्करबागेतून सिंहाची जोडी आली, बदल्यात इथून वाघ गेले. असा व्यवहार ठरताना समोरच्याकडून वंशावळीचा उतारा आधी मागा, फोटो नंतर.

प्राणी आला की आधी विलगीकरण, मग शेजारच्या पिंजऱ्यात जाळीपलीकडे. नर-मादी जाळीला अंग घासायला लागली, फुरफुर करायला लागली, की डॉक्टर आणि पाण्याचा पाइप हाताशी ठेवून दार उघडा. गुरगुर थोडी होतेच. मादी कोपऱ्यात दबून बसली आणि नर हटत नसेल तर लगेच वेगळं करा. मीलनाच्या तारखा कीपरकडून त्याच दिवशी लिहून घ्या. मेलेलं पिल्लूही नोंदवा, त्याचे आईबाप लिहा. ते गाळलं तर कुठल्या जोडीची पिल्लं जगत नाहीत ते कधीच कळणार नाही. आणि ३१ मार्चची वार्षिक यादी पाठवायच्या आधी एकदा स्वतः आवारात जाऊन डोकी मोजा.