बोट ओढत कोकणात फॅमिली कॅम्पिंग: पिकअपवरचा कॅम्पर कसा निवडायचा

पिकअपच्या हौद्यात बसणारा कॅम्पर, म्हणजे झोपायची-राहायची सोय असलेली खोलीच, घ्यायचा म्हटलं की सगळे आधी आतलं बघतात, बेड केवढा, ओटा आहे का, टॉयलेट कुठे बसवलंय वगैरे. मागे बोट ओढायची असेल तर मात्र क्रम उलटा लावा. आधी बोट, मग घरातली माणसं, मग सामान, आणि हे सगळं वजा करून जेवढं वजन उरेल तेवढ्यात बसेल तोच आपला कॅम्पर. दाखवायला आणलेला कॅम्पर कितीही गोंडस असू दे.

पायरी १: आधी वजनकाट्यावर जा

डिझेलची टाकी फुल करून रिकामी गाडी काट्यावर चढवा, चिऱ्याचे आणि वाळूचे ट्रक जिथे तोलतात तिथेच, शे-दोनशे रुपयांचं काम आहे. मग गाडीच्या प्लेटवर किंवा मॅन्युअलमध्ये भरलेल्या गाडीचं जास्तीत जास्त वजन दिलेलं असतं त्यातून हा आकडा वजा करा. उरलं ते तुमचं भांडवल.

आता एक उदाहरण धरू. समजा डबल कॅबिन पिकअपला ४५० किलो उरले. नवरा-बायको आणि दोन मुलं मिळून २०० किलो. बोट, इंजिन आणि ट्रॉली मिळून ४५० किलो असेल तर त्यातला दहा टक्के भार ट्रॉलीच्या दांडीतून थेट तुमच्या हूकवर येतो, म्हणजे ४५ किलो, आणि हे लोकं हमखास विसरतात कारण बोट तर मागे चाकांवर चाललीय ना असं वाटतं. हूकची लोखंडी फ्रेम २५. पिण्याचं पाणी ४० लिटर म्हणजे ४० किलो. बर्फाची पेटी, गॅस, कपडे, गळ-रॉड हे सगळं ५०. बेरीज झाली ३६०. कॅम्परसाठी उरले फक्त ९० किलो! भिंती-छप्पर-ओटा-बेड असलेला पक्का कॅम्पर साधा म्हटला तरी तीन-चारशे किलोच्या घरात जातो, म्हणजे विषय तिथेच संपला.

इथे लोकं म्हणतात की अरे पण हायलक्स, डी-मॅक्ससारख्या पिकअप तर साडेतीन टन ओढतात. ओढतात, परदेशातल्या ब्रोशरमध्ये, आणि तोही आकडा ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक असतील तर, बिनब्रेकच्या ट्रॉलीला तिकडेही ७५० किलोच धरतात. शिवाय ओढायची ताकद वेगळी आणि पाठीवर घ्यायची ताकद वेगळी, हौदा भरला की ओढायचा आकडाही खाली येतो. इथल्या मॅन्युअलमध्ये काय लिहिलंय तेच धरा, आणि काहीच लिहिलं नसेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडून लेखी विचारून घ्या. पाटे (मागच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) वाढवले की भार वाढतो हा गॅरेजवाल्यांचा लाडका समज आहे. पाटे वाढवून गाडी मागून बसणार नाही एवढंच, ब्रेक आणि अॅक्सल तेच राहतात.

पायरी २: उरलेल्या वजनात काय बसतं ते बघा

शंभर-सव्वाशे किलोच्या आत असाल तर हौद्यावर हलकी कॅनोपी (टपासारखं झाकण) आणि त्यावर उघडणारा तंबू, बस. चौघांना झोपायला दोघं वर दोघं खाली असं जमतं, आणि खरं सांगायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत कोकणात याच्यापेक्षा जास्त लागत पण नाही. दीड-दोनशे किलो उरत असतील तर छप्पर वर उचललं जाणारा पॉप-अप कॅम्पर बघा. चालवताना उंची कमी राहते त्यामुळे वारा कमी खातो, आणि गावातल्या गल्लीत आंब्याफणसाच्या फांद्या नि लोंबत्या वायरी यातून सुटका होते. सागरी मार्गावरून आडगावात शिरलात की कळेलच हे.

पक्का कॅम्परच पाहिजे असा हट्ट असेल तर टनभर भार घेणारी कमर्शियल पिकअप लागेल किंवा बोट हलकी करावी लागेल. मी बोट हलकी करा म्हणेन. खाडीत फिरायला आणि गरी टाकायला हवेची रबरी बोट आणि छोटं इंजिन पुरतं, ते घडी करून हौद्यातच जातं, ट्रॉलीचा प्रश्नच मिटतो. पण ज्याला बोटीचा नाद आहे तो ऐकणार नाही, मला माहितीय.

पायरी ३: मागचा भाग नीट मोजा

डबल कॅबिनचा हौदा जेमतेम पाच फुटांचा. त्यामुळे बरेच कॅम्पर फाळका (हौद्याचं मागचं झाकण) काढून मागे दोन-तीन फूट बाहेर येतात, आणि मग हूक त्याच्या खाली आत दडतो. बोटीचं नाक कॅम्परला घासू नये म्हणून फॅब्रिकेटर हूक लांबवून देतो, आणि लांबवलेला हूक म्हणजे तरफ, तेच ४५ किलो आता मागच्या चाकांवर जास्त जोर देतात आणि पुढची चाकं हलकी होतात. आंबा घाट किंवा कुंभार्ली उतरताना वळणावर स्टिअरिंग हलकं लागलं की घाम फुटतो. म्हणून बोट ओढणाऱ्याने हौद्याच्या मापातच संपणारा कॅम्पर घ्यावा, झोपायची जागा कॅबिनच्या टपावर पुढे सरकलेली असली तर उत्तम. कॅम्परच्या वजनाचा मध्य मागच्या अॅक्सलच्या थोडा पुढे आला पाहिजे, विकणाऱ्याला हे विचारा, तो गडबडला तर समजून घ्या.

दुसरं, दरवाजा. बहुतेक कॅम्परचा दरवाजा मागे, आणि मागे बोट जोडलेली. वाटेत हायवेला चहासाठी थांबलात आणि पोराला आतून काही काढायचंय तर शिडी लावायला जागा असते का? बोट जोडून, पूर्ण वळण घेऊन, दोन्ही बाजूंनी बघा. बाजूने उघडणारी खिडकी किंवा झडप असेल तर तिथे बर्फाची पेटी आणि खाऊ ठेवता येतो.

आणि फेरीबोट. दाभोळ-धोपावे, वेसवी-बागमांडला, जयगड-तवसाळ यातली एखादी तरी तुमच्या वाटेत येणारच, आणि ओहोटीला रॅम्पचा उतार चांगलाच तीव्र होतो. मागे लोंबणारा कॅम्पर आणि खाली गेलेला हूक असेल तर तिथे खरडलाच म्हणून समजा. तिकीट काढण्याआधी फेरीवाल्यांना ट्रॉलीसकट एकूण लांबी सांगा.

पायरी ४: खारी हवा धरून मटेरियल निवडा

साध्या प्लायचा कॅम्पर दोन पावसाळ्यांत फुगतो. फायबर किंवा अॅल्युमिनियम फ्रेमवर पॅनेल असं घ्या, आणि आत प्लाय लागलीच तर आयएस ७१० शिक्का असलेली मरीन प्लाय, आयएस ३०३ वाली नको. स्क्रू स्टेनलेसचे. दोन समोरासमोर जाळीच्या खिडक्या आणि छपराला एक फॅन याशिवाय झोप येणार नाही, एसीच्या मागे लागू नका, त्याला जनरेटर लागतो आणि रात्री शेजारचे शिव्या घालतात. गॅसच्या कप्प्याला तळाशी भोक हवंच, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असतो आणि खाली साचतो. टॉयलेट घ्यायचंच तर काढून नेता येणारी छोटी टाकी असलेलं. ती रिकामी करायची सोय किनाऱ्यावर कुठे नसते, होमस्टेवाल्या काकांना विचारून त्यांच्या संडासात ओतावी लागते, खाडीत नाही.

पायरी ५: कागद

राज्याने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तरी घरच्या गाडीला आपला नियम चुकत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर जे लिहिलंय त्यापेक्षा वेगळी गाडी बनवता येत नाही, त्यामुळे चासीला वेल्ड केलेला कॅम्पर घेऊ नका, उतरवता येणारा घ्या, आणि तरीही आरटीओत विचारून ठेवा. ट्रॉलीला वेगळं रजिस्ट्रेशन, नंबरप्लेट, मागचे लाईट पाहिजेत. ओव्हरलोडला दंड २०,००० रुपयांपासून सुरू होतो. बोटीचं मेरीटाईम बोर्डाच्या बंदर कार्यालयात विचारा. हूकचा गोळा ५० मिलिमीटरचा की दोन इंची तेही बघून घ्या, फरक केसाएवढा आहे पण ५० चा कपलर (ट्रॉलीच्या दांडीच्या टोकाची वाटी) दोन इंची गोळ्यावर नीट बसत नाही. आणि कॅम्परमध्ये बसून कोणी प्रवास करायचा नाही, मुलं कॅबिनमध्ये बेल्ट लावून.

पायरी ६: घेण्याआधी एक दिवस खाडीवर काढा

विकणारा तयार असेल तर भरलेल्या गाडीने बोट पाण्यात घालून बघा. वेळ काढायला आपल्या कोळी-गाबितांचा हिशेब आहेच, तिथीला पाऊणने गुणा, तेवढ्या वाजता भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, आणि मग साधारण साडेबारा तासांनी परत. भरती अर्धी झाली की बोट घाला, पूर्ण ओहोटीला रॅम्पच्या खालच्या शेवाळावर चाकं फिरतात. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पहिलीच ट्रायल नको, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं, भांगाच्या दिवसात, म्हणजे अष्टमीच्या आसपास पाणी कमी चढतं-उतरतं तेव्हा, बरं पडतं. पाण्यात शिरण्याआधी ट्रॉलीच्या लाईटचा प्लग काढा आणि चाकाचा हब (मधला भाग, ज्यात बेअरिंग असतं) गार होऊ द्या, तापलेला हब पाण्यात गेला की खारं पाणी आत ओढून घेतो आणि बेअरिंग गेलं.

कॅम्पर चार जॅकवर उतरवून ठेवून नुसत्या गाडीने बोट सोडता आली तर फार सुख आहे, पण जॅक पुळणीत (किनाऱ्यावरच्या वाळूत) रुततात. जॅकखाली फळ्या टाका किंवा सड्यावर कातळ बघून मुक्काम करा, तिथे जमीन सपाट आणि वारा पण मस्त. भरलेली पिकअप पुळणीवर नेऊ नका, भरतीत अडकलेल्या गाड्या ट्रॅक्टर लावून काढतात ते व्हिडिओ सगळ्यांनी बघितलेत, आणि पोलीस कारवाई करतात ते वेगळंच.

परत आल्यावर गाडी, हूक, ट्रॉली सगळं गोड्या पाण्याने धुवा, त्याच दिवशी. मे संपताना कॅम्पर उतरवून पडवीत नाहीतर शेडमध्ये ठेवा, खिडकी थोडी उघडी, गाद्या बाहेर काढलेल्या. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि आपल्या छोट्या बोटीचं तेव्हा समुद्रात काही कामच नाही, त्या दिवसांत ट्रॉलीचे बेअरिंग खोलून ग्रीस भरून घ्या.