आंबिया बहाराआधी प्लॅनिंगला बसताना

संत्र्याच्या सौद्यांचं ॲप करत असाल तर आधी बहाराचं कॅलेंडर भिंतीवर लावा. आंबियाचा माल साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर, मृगाचा फेब्रुवारी ते एप्रिल. कळमन्यात (नागपूरच्या बाजारात) आवक सुरू झाली की कुणी आपल्या रिलीजसाठी थांबत नाही. बोर्ड (कामांचा फळा), स्टँडअप (रोजची छोटी बैठक), रेट्रो (मागच्या कामाचा आढावा) यांबद्दल लिहीत नाही, ते सगळ्यांकडे असतं.

दुसरी गोष्ट, बाहेरच्या मंजुऱ्यांची यादी. शेतकऱ्याला सौद्याचा एसएमएस जायचा असेल तर हेडर (पाठवणाऱ्याचं नाव) आणि टेम्प्लेट (ठरलेला मजकूर) डीएलटीवर, म्हणजे मोबाइल ऑपरेटरांच्या नोंदणी पोर्टलवर, आधी नोंदलेलं लागतं. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या 2018 च्या नियमांखाली ही नोंद आली, आणि ठरलेल्या मजकुरातला शब्द बदलला तरी मेसेज अडतो. मागच्या आंबियाला आमचं इथंच अडलं. फीचर तयार, डेमो झालेला, मेसेज जाईना. स्प्रिंट (कामाचा ठरावीक मुदतीचा टप्पा) दोन आठवड्यांचा केला म्हणून ऑपरेटरकडची मंजुरी लवकर येत नाही. म्हणून प्रत्येक मंजुरीपुढे लिहा: कुणाकडून, अर्ज कधी, पाठपुरावा कोण करणार. माणसाचं नाव लिहा, ‘टीम’ लिहू नका.

रोडमॅप येत्या तिमाहीपुरता तपशिलात, पुढचं नुसत्या मुद्द्यांत. वर्षभराच्या स्टोरी (कामांच्या छोट्या नोंदी) आत्ताच लिहिल्या तर निम्म्या फेकाव्या लागतात. पण ‘आपण अजाइल आहोत, रोडमॅप कशाला’ म्हणणाऱ्यांचंही ऐकू नका. अजाइल म्हणजे छोट्या टप्प्यांत, बदल सामावून घेत काम करायची पद्धत. तिच्या 2001 च्या जाहीरनाम्यात बदलाला प्रतिसाद देणं वरचढ मानलंय, आणि योजनेलाही मोल आहे हे तिथंच लिहिलंय. स्क्रम ही अजाइलचीच एक पद्धत; तिच्या 2020 च्या गाइडमध्ये तर प्रॉडक्ट गोल, म्हणजे प्रॉडक्टचं पुढचं ध्येय, मुद्दाम आणलं. ते एका वाक्यात लिहून बोर्डाच्या डोक्यावर लावा.

रिफाइनमेंटला, म्हणजे पुढच्या स्टोरी नीट करायच्या बैठकीत, मंजुऱ्यांची यादी पुन्हा उघडा. दर वेळी. स्टोरीत एसएमएस, पेमेंट, ॲप स्टोअर यांपैकी काही दिसलं की पहिला प्रश्न: अर्ज गेला का? ‘गेला असेल न भाऊ’ हे उत्तर घेऊ नका, पोचपावती बघा.

स्प्रिंट रिव्ह्यूला, म्हणजे झालेलं काम दाखवायच्या बैठकीला, एखाद्या अडत्याला बोलवा, लिलाव आटोपल्यावर. आपण तासभर वाद घातलेलं बटण त्याला दिसतही नाही, असं होतं.

जुन्या कोडच्या दुरुस्तीला दर स्प्रिंटमध्ये जागा. आंबियाआधीचा स्प्रिंट मोकळा. बहार चालू असताना मोठं रिलीज नको. बाहेरगावची माणसं डिसेंबरात येणार असतील तर हॉटेल आधीच, नागपूरच्या विधिमंडळ अधिवेशनात खोल्या मिळत नाहीत. बॅकअप, रोलबॅक (जुन्या आवृत्तीवर परत जाणं), कोण फोनवर राहणार, हेही ठरवा. आणि टेम्प्लेटची मंजुरी आली का, ते आजच बघा.