युद्धातला ऑफिसरचा जुना कोट घेताय? आधी उलटा करा

सगळ्यात आधी एक सांगतो, बिल्ले, पदकांच्या फिती, खांद्यावरचे स्टार हे सगळं शेवटी बघायचं, कारण ते उसवून दुसरे लावायला अर्धा तास पुरतो. कोट उलटा करून अस्तर बघा. ब्रिटिश ऑफिसर युनिफॉर्म सहसा स्वतःच्या शिंप्याकडून शिवून घ्यायचे, त्यामुळे आतल्या खिशात शिंप्याचं लेबल आणि त्यावर हाताने लिहिलेलं नाव नि तारीख बऱ्याचदा सापडते. नाव मिळालं की लंडन गॅझेटमध्ये (ब्रिटिश सरकारचं अधिकृत राजपत्र) शोधा, ऑफिसरांच्या नेमणुका आणि बढत्या तिथे छापून यायच्या. लेबलवरच्या तारखेला तो लेफ्टनंट आणि खांद्यावर मेजरचा मुकुट, तर विकणाऱ्याला विचारा, नंतरची बढती असूही शकते.

पहिल्या महायुद्धाचा असेल तर बाही बघा. तेव्हा हुद्दा मनगटाजवळ बाहीवर असायचा, पण त्यामुळे ऑफिसर लांबून ओळखू यायचे आणि शत्रूचे स्नायपर त्यांनाच टिपायचे, म्हणून १९१७ पासून खांद्यावर लावायला परवानगी मिळाली आणि १९२० मध्ये बाहीवरचा प्रकार बंदच झाला. बटणावर मुकुट असेल तर १९०१ ते १९५२ चा मुकुट वर गोल, एलिझाबेथ राणीचा मधे दबलेला. आता चार्ल्सने परत गोल आणलाय, म्हणजे नवी बटणं जुनी म्हणून खपवणाऱ्यांची चैनच!

यूव्ही (अतिनील प्रकाशाची) टॉर्च घ्याच, युद्धानंतरच्या धाग्यांतली नि धुण्याच्या पावडरींतली चमक आणणारी रसायनं तिच्या उजेडात चकाकतात. मी पहिला कोट घेतला तेव्हा नव्हती, घरी आणल्यावर महिन्याभराने अंधारात टॉर्च मारली तर बिल्ल्याभोवतीचे टाके निळे चकाकले, म्हणजे धागा युद्धानंतरचा. कोट खरा होता पण बिल्ला मागाहून लावलेला, आणि पैसे मी बिल्ल्याचेच जास्त मोजले होते 😅 अस्तर चमकलं तर लगेच खोटं म्हणू नका हां, कोणीतरी आजकालच्या पावडरीने धुतलेलं असू शकतं. बिल्ला मूळचा असेल तर त्याच्या खालचं कापड आजूबाजूपेक्षा गडद राहतं, कडा हलकेच उचलून बघा, ओढू नका.

जर्मन युनिफॉर्म गोळा करणार असाल तर आधी कायदा वाचा, स्वस्तिक चारचौघांत दाखवणं जर्मनीत गुन्हा आहे.

घरी आणलं की कपाटात टाकायची घाई नको. लोकरीला कसर लागते आणि एका कोटाची कसर सगळ्या कलेक्शनला लागते. ड्रायक्लीन नाही, डांबरगोळ्या पण नकोत. ॲसिड-फ्री टिश्यू (आम्ल नसलेला पातळ कागद) गुंडाळून पॉलिथिनच्या पिशवीत घट्ट बंद करायचं आणि उणे १८ ते २० अंशाला दोन आठवडे फ्रीझरमध्ये. चामड्याचा पट्टा आधी काढून घ्या. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस उघडायची नाही, नाहीतर गार कापडावर पाणी धरतं. मग रुंद खांद्याच्या, कापूस भरलेल्या हँगरवर, तारेच्या नाही.